उखाण्याचं शेपूट

दिवाकररावांना पद्मिनीच्या तोंडून आपलं नाव ऐकायचं होतं, आणि त्यासाठी त्यांनी एक यंत्र बनवायला घेतलं. बायकोशी सरळ बोलता येत नसलं की माणूस असलेच उद्योग करतो. सरकारी कचेरीत ते जन्मभर 'बाबूजी' होते, रायपूरच्या समता कॉलोनीतल्या दूधवाल्याचे 'अंकल' होते आणि घरात 'अहो' होते. दिवाकर हे नाव फक्त आधार कार्डावर आणि विजेच्या बिलावर उरलं होतं, आणि बिलावरही ते चुकीचंच छापून यायचं.

तशी नाव घ्यायची रीत आपल्याकडे आहे. उखाणा त्यासाठीच असतो. पण उखाण्याची वेळ आली की पद्मिनीचा घसा बसायचा. लग्नात बसला, डोहाळजेवणात बसला, आणि लेकीच्या लग्नात तर असा बसला की व्याह्यांनी गरम पाणी मागवलं. निवृत्तीनंतरच्या एका दुपारी, डोळा लागता लागता दिवाकररावांच्या मनात आलं, की घसा बसतो, पण बोटं थोडीच बसतात? ते उठून बसले आणि त्या दिवसापासून त्यांची दुपारची झोप गेली.

बेत असा होता. संक्रांतीनंतर महिला मंडळाचं हळदीकुंकू तात्यापाऱ्यातल्या हॉलमध्ये व्हायचं. तिथे भिंतीवर दिव्यांची एक लांबट पट्टी लावायची, बँकेत असते तशी, आणि खाली टेबलावर एक छोटासा संगणक आणि कीबोर्ड ठेवायचा. बायकांनी उखाणा टाइप करायचा, एंटर दाबायचं, की अक्षरं पट्टीवरून उजवीकडून डावीकडे सरकत जाणार. बाहेर सांगायचं कारण असं, की ज्यांना माइकची लाज वाटते त्यांची सोय. आतलं कारण त्यांनी कोणालाच सांगितलं नाही.

प्रोग्राम लिहायला ते मोबाइलवर पाहून पाहून शिकले. त्यातला एक भाग त्यांना फार आवडायचा. कीबोर्डवरून एकेक अक्षर येतं, ओढ्याच्या पाण्यासारखं मागोमाग, आणि ते एका ठरावीक मापाच्या जागेत साठवायचं. त्या जागेला म्हणतात बफर. ओळ पुरी झाली की बफरमधलं सगळं पट्टीवर पाठवायचं. आणि अक्षर आलं नाही तर? तर प्रोग्राम वाट पाहतो. चिडत नाही, विचारत नाही, उठून जात नाही. पडद्यावर एक बारीकशी रेघ लुकलुकत राहते. दिवाकरराव कितीतरी वेळ काहीच टाइप न करता त्या रेघेकडे पाहत बसायचे. बाहेर बोगनवेलीची सावली भिंतीवरून सरकायची, भाजीवाला हाका मारून निघून जायचा, आणि आत एक माणूस आणि एक यंत्र कोणीतरी काही म्हणेल म्हणून थांबलेले असायचे. आपण गेली कित्येक वर्षं हेच करत आलो, असं त्यांना वाटायचं आणि जरा बरंही वाटायचं.

"अहो, तुम्ही काय करून राहिले?" पद्मिनी दारातून विचारायची.

"टेस्टिंग," दिवाकरराव म्हणायचे.

टेस्टिंग म्हणजे ते रोज 'नमस्कार रायपूर' ही एकच ओळ टाइप करायचे आणि ती सुरेख सरकत जायची. रोज तीच ओळ. हे लक्षात ठेवा, पुढे याच्यामुळेच सगळं झालं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारचे हरिदासभाऊ रेल्वेत सिग्नलवर होते आणि निवृत्त होऊनही सिग्नल त्यांच्या डोक्यातून उतरला नव्हता. "अक्षरं लाल नको ठेवू, दिवाकर," ते कंपाउंडच्या भिंतीवरून म्हणाले. "लाल पाहून माणूस थांबते. बाया थांबल्या तर कार्यक्रम लांबते." मग हिरव्या अक्षरांवर त्यांनीच हरकत घेतली, की हिरवं पाहून बाया घाई करतील. शेवटी पिवळं ठरलं. लेक भिलाईला होती. ती फोनवर नेहमीप्रमाणे हिंदीत म्हणाली, "पापा, इतना झंझट काहे को? सबको बोलो मोबाइल के ग्रुप पे डाल दे." दिवाकररावांनी फोन ठेवल्यावर दोन दिवस त्या वाक्याचा मनातल्या मनात समाचार घेतला.

मंडळाच्या अध्यक्ष शर्मिष्ठाताई. त्यांच्या परवानगीशिवाय हॉलमधला पंखासुद्धा फिरत नाही. पट्टी म्हणजे सजावट की उपकरण, हा प्रश्न त्यांनी काढला. सजावट असेल तर सजावट समिती, उपकरण असेल तर माइक-खुर्ची समिती, आणि दोन्ही समित्यांत सध्या अबोला. पट्टी सरकते म्हणून उपकरण, पण सुंदर दिसते म्हणून सजावट, असं दिवाकररावांनी बाजू मांडताना सांगितलं आणि दोन्ही समित्या त्यांच्यावर रुसल्या. शेवटी 'तात्पुरती सजावट' असा मार्ग निघाला. भिंतीला खिळा मात्र ठोकायचा नाही, पट्टी पडद्याच्या दांडीला बांधायची. आणि लाइट गेली तर कार्यक्रमाचा विचका नको म्हणून यूपीएस आणायचा, तोही स्वतःचा.

यूपीएस हरिदासभाऊंकडे होता. त्यांनी तो दिला, पण लेकीची पाठवणी करावी तसा दिला. "दणका नको देऊ. ऊन नको दाखवू. आणि कार्यक्रम झाला का लगेच आणून दे."

हळदीकुंकवाच्या दिवशी हॉल अत्तर, गजरे आणि तिळाच्या वासानं भरून गेला होता. दिवाकरराव तिथे एकटेच पुरुष, तेही यंत्राचे म्हणून चालवून घेतलेले. त्यांनी ठेवणीतला कोसा सिल्कचा कुडता घातला होता आणि पट्टी समोरून दिसेल अशी भिंतीकडेची खुर्ची आधीच धरून ठेवली होती. यंत्र घरचं, तेव्हा पहिला मान पद्मिनीचा, असं शर्मिष्ठाताईंनीच जाहीर केलं. पद्मिनीचा हात घशाकडे गेला. मग तिनं कीबोर्डकडे पाहिलं. दिवाकररावांनी त्याच्यावर मराठी अक्षरांचे कागद चिकटवले होते, प्रत्येक कागद कात्रीनं गोल कापलेला. ती ते सगळे कागद बघत राहिली, मग हळूच बसली आणि एका बोटानं अक्षरं शोधायला लागली.

इथे दिवाकररावांचं नशीब पाहा. पद्मिनी टाइप करत होती, लांबलचक काहीतरी करत होती, सगळा हॉल मान वर करून बसला होता आणि त्याच वेळी टेबलाखालून 'चर्र' असा आवाज आला. प्लग ढिला. दिवाकरराव खुर्ची सोडून टेबलाखाली शिरले आणि प्लग हातानं दाबून धरून बसले. टेबलक्लॉथ जमिनीपर्यंत. समोर फक्त साड्यांचे काठ आणि पैंजण. वर एंटर दाबल्याचा आवाज झाला. मग हॉल गप्प झाला. एवढ्या बायका एकाच वेळी गप्प झाल्याचं त्या हॉलनं कधी पाहिलं नसेल. मग कोणीतरी "अगं बाई" म्हणालं, आणि टाळ्या.

टेपचा तुकडा चिकटवून, कुडत्याला धूळ लावून ते बाहेर आले तेव्हा पुढच्या बाईनं आपल्या ओळीसाठी कळ दाबून पट्टी मोकळी केली होती आणि पद्मिनी लाजून तिळगुळाच्या ताटामागे जाऊन उभी होती.

"काय होतं?" त्यांनी शेजारच्या बाईला विचारलं.

"कमाल आहे, तुम्ही नाही पाहिलं?" ती म्हणाली. "फार छान होतं. पाण्याचं की काहीतरी होतं. नाही, चांदण्याचं."

दिवाकरराव खुर्चीत बसले. काही तुटलं नव्हतं, तरी काहीतरी तुटल्यासारखं त्यांना वाटलं. इतकी वर्षं वाट पाहून, गाडी आली तेव्हा आपण नेमके फलाटाच्या खाली.

पुढचा नंबर मोनालीचा. नवी नवरी, बोटं भराभर चालली. एंटर. पट्टीवर पिवळी अक्षरं सरकू लागली:

बुढातालाबाच्या पाण्यात संध्याकाळचे दिवे, अभिनवरावांचं नाव घेते, अजून काय हवे ओठांशी येते, यांचं लक्ष नसतं तेव्हा दिवाकररावांचं नाव घेते

हॉलमध्ये एक चमचा खाली पडला. मोनालीनं पट्टीकडे पाहिलं, दिवाकररावांकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. तेवढ्यात तिला न्यायला आलेला अभिनव दारात उभा होता. त्यानं ओळ पुन्हा वाचली, कारण पट्टी ती पुन्हा पुन्हा फिरवत होती.

"अंकल," तो म्हणाला, "ये क्या चल रहा है?"

"काहीतरी गडबड आहे," दिवाकरराव म्हणाले. "पुढच्या ओळीला ठीक होईल."

पुढची ओळ गंधालीची:

तिळगुळाची वडी, वडीवरती खसखस, परागरावांचं नाव घेते, आता एवढंच बस अजून काय हवे ओठांशी येते, यांचं लक्ष नसतं तेव्हा दिवाकररावांचं नाव घेते

आता हॉल फुटला. मागच्या रांगेतल्या बाया खुर्च्यांना धरून हसत होत्या. पुढच्या रांगेत मात्र हसू नव्हतं, तिथे शर्मिष्ठाताई बसल्या होत्या. "दिवाकरराव," त्या उठून म्हणाल्या, "मंडळाच्या बायकांनी तुमचं नाव घ्यावं अशी व्यवस्था तुम्ही यंत्रात करून ठेवलीय का?"

दिवाकररावांना जन्मात कोणी असं बोललं नव्हतं. कचेरीत त्यांच्यावर एकदाच ठपका आला होता, तोसुद्धा छत्री विसरल्याचा. पण त्यांचं लक्ष पट्टीवर होतं आणि त्यांना सगळं उमगत चाललं होतं. बफर ही एक पाटी. पद्मिनीनं ती काठोकाठ लिहून भरली. मोनालीची ओळ आखूड, ती पाटीच्या अर्ध्यावर संपली, आणि पुढचं जुनं अक्षर कोणी पुसलंच नाही. आलेली अक्षरं मोजायची आणि तेवढीच दाखवायची, ही एक ओळ प्रोग्राममध्ये राहून गेली होती. रोज 'नमस्कार रायपूर' लिहिणाऱ्याला ती चूक दिसणार कशी? तीच ओळ, त्याच मापाची.

म्हणजे हे शेपूट पद्मिनीचं होतं. यांचं लक्ष नसतं तेव्हा दिवाकररावांचं नाव घेते. तिनं लिहिलं होतं. तिच्या उखाण्याचं पुढचं अंग दोघींच्या ओळींखाली गेलं होतं, पण एवढं उरलं होतं.

"बंद करा ते," शर्मिष्ठाताई म्हणाल्या.

"बंद नाही करता येत."

"का?"

का ते हॉलभर बायकांना सांगण्यासारखं नव्हतं. यंत्र बंद केलं की बफर रिकामा. पुन्हा लावलं तर आत काहीच नसणार. दिवाकररावांनी मान वळवून पद्मिनीला शोधलं, पण ती शेजारणीच्या स्कूटीवर बसून घरी निघून गेली होती. तिच्या ताटातले तिळगूळ तसेच राहिले होते.

"बंद नाही, घरी नेतो," ते म्हणाले. आणि त्यांनी पट्टी दांडीवरून सोडली, पंज्याएवढा संगणक खिशात घातला, यूपीएस छातीशी धरला आणि भिंतीतला प्लग काढला. यूपीएसनं तत्काळ टीं, टीं, टीं असं रडायला सुरुवात केली. तारांनी एकमेकांना बांधलेला, पिवळी अक्षरं अंगावर फिरवणारा हा माणूस बायकांच्या मधून वाट काढत बाहेर पडला, तेव्हा अभिनवसुद्धा बाजूला झाला.

बाहेर हरिदासभाऊ उभे होते. यूपीएस न्यायला आले होते. "हे काहून रडून राहिलं?" त्यांनी विचारलं.

"भाऊ, बसा लवकर. सांगतो."

ई-रिक्षात दिवाकररावांनी सगळं सांगितलं. इतकी वर्षं कोणाला न सांगितलेलं आतलं कारण त्यांनी यूपीएसच्या टीं टीं मध्ये सांगून टाकलं. हरिदासभाऊ रिक्षावाल्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "भैया, आगे लेव. कुठं थांबू नको."

"हव," रिक्षावाला म्हणाला.

पण आझाद चौकात सिग्नल लाल. पट्टी रिक्षाच्या मागे टेकवलेली, अक्षरं रस्त्याकडे. संध्याकाळ उतरत होती, ब्राह्मणपाऱ्याच्या बाजूनं आरतीची घंटा येत होती, आणि थांबलेल्या मोटरसायकली त्या पिवळ्या अक्षरांच्या उजेडात दिसत होत्या. एकानं वाचायचा प्रयत्न केला. मराठी कळली नाही, नाव कळलं. "ये दिवाकर राव कौन है भैया? पार्षद का चुनाव लड़ रहे हैं क्या?"

"हव," रिक्षावाल्यानं परस्पर त्यांना नगरसेवकाच्या निवडणुकीला उभं करून टाकलं आणि अंगठ्यानं मागे दाखवलं.

दोघातिघांनी दिवाकररावांना नमस्कार केला. दिवाकररावांनीही मान लववली. यूपीएस धरलेला असताना हात जोडता येत नाहीत. आपलं नाव असं संध्याकाळच्या गर्दीतून हळूहळू वाहत जातंय, आणि ते कोणी लिहिलंय हे या लोकांना माहीत नाही, याचं त्यांना काहीसं स्वप्नासारखं वाटलं. सिग्नल हिरवा झाल्याचं त्यांना कळलं नाही. यूपीएसची टीं टीं मात्र आता घाईची झाली होती.

समता कॉलोनीत वळले तर सगळी गल्ली अंधारात. लाइट गेलेली.

"संपलं," दिवाकरराव म्हणाले.

हरिदासभाऊ त्या वयात धावले. त्यांच्या घरी इन्व्हर्टर होता. खिडकीतून त्यांनी एक्स्टेन्शनची वायर कंपाउंडच्या भिंतीवरून फेकली, ती जास्वंदीत अडकली, ती सोडवताना दिवाकररावांचा कुडता फाटला, आणि यूपीएसचा आवाज तुटक सोडून एकसलग झाला तेव्हा प्लग आत गेला. आवाज बंद झाला. पट्टीवर अक्षरं सरकतच होती.

"लाइन क्लिअर," पलीकडून हरिदासभाऊ म्हणाले. ते दमले होते.

पट्टी बैठकीत भिंतीला टेकवून दिवाकररावांनी कीबोर्ड मांडीवर घेतला. आत पद्मिनी मेणबत्तीच्या उजेडात चहा करत होती. पट्टीवर अजून परागराव होते, खसखस होती आणि मोनालीचं उरलेलं 'अजून काय हवे' होतं. ते सगळं काढायला हवं होतं. त्यांनी स्पेसची कळ दाबायला सुरुवात केली. कोरी जागा हेसुद्धा यंत्राच्या लेखी अक्षरच. एकेक स्पेस परक्या अक्षरावर जाऊन बसणार होती. पण एक जरी जास्त झाली तर पद्मिनीचं अक्षर जाणार. त्यांनी श्वास धरून बोट चालवलं, मधेच थांबले, पट्टीकडे पाहून पुन्हा अंदाज घेतला आणि मग एंटर दाबलं. पट्टी काळी झाली. बराच वेळ काळीच राहिली. आणि मग त्या काळोखातून अक्षरं आली: ओठांशी येते, यांचं लक्ष नसतं तेव्हा दिवाकररावांचं नाव घेते.

"आधीचं काय होतं?" त्यांनी स्वयंपाकघराकडे न पाहता विचारलं.

"लिवलं तवा तुम्ही टेबलाखाली होते," पद्मिनी आतून म्हणाली. "आता मले नाही आठवत."

"थोडं तरी."

"काहून? हॉलभर तर झालं तुमचं नाव. अजून कोन राहिलं?"

यावर दिवाकररावांकडे उत्तर होतं, पण ते त्यांना म्हणता आलं नाही. घसा बसणं दोघांच्याही नशिबी होतं. ते पट्टीकडे पाहत बसले. अंधार सरकत यायचा, मग अक्षरं, मग पुन्हा अंधार. पद्मिनीनं चहा आणून ठेवला. "चहा घ्या," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हाही त्यांनी ऐकलं नाही.

मग ती त्यांच्याजवळ बसली. मांडीवरचा कीबोर्ड तिनं आपल्याकडे ओढला आणि एका बोटानं, गोल कापलेले कागद शोधत शोधत, काहीतरी टाइप केलं. एंटर दाबलं.

'चहा थंड होऊन राहिला', पट्टीवर आलं. मग लांब काळोख. दोघंही त्या काळोखाकडे पाहत होते. मग हळूच: ओठांशी येते, यांचं लक्ष नसतं तेव्हा दिवाकररावांचं नाव घेते.

पद्मिनीनं ते पूर्ण सरकून जाईपर्यंत वाचलं. ती उठली नाही. दिवाकररावांनी कप उचलला. चहा खरोखरच थंड होता आणि त्यांनी तो सगळा प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिदासभाऊ यूपीएस मागायला आले. पट्टी चालूच होती. तिच्यावर 'येताना कोथिंबीर आणा' असं होतं, मग काळोख, मग पुढचं. हरिदासभाऊंनी ते वाचलं, चष्मा पुसला.

"ती चूक दुरुस्त नाही केली अजून?"

"एका ओळीचं काम आहे," दिवाकरराव म्हणाले आणि ओशाळून पट्टीकडे पाहू लागले.

"मंग कर ना. माझा यूपीएस मोकळा होईल."

स्वयंपाकघरातून पद्मिनी बाहेर आली. तिनं हरिदासभाऊंच्या हातावर तिळगूळ ठेवला. "भाऊजी, नका मागू त्यांना," ती म्हणाली. "दिवाकररावांची चूक मोठी आहे. अशी लवकर नाही निघणार."